ईथर: आकाश नव्हे, समिधा

प्रश्न असा आला आहे: ‘भौतिकशास्त्राच्या इतिहासात “ईथर” हा शब्द सारखा भेटतो. सापेक्षतावादाच्या आधी प्रकाश या ईथरमधून प्रवास करतो असं मानत. मराठीत लिहिताना त्याला “आकाशतत्त्व” म्हटलं तर चालेल का? आणि लिहायचं ईथर की इथर?’

आकाशतत्त्व म्हटलेलं चालणार नाही. हे इतकं ठासून सांगतो, कारण ‘त्यांचं ईथर म्हणजेच आपलं आकाश, आणि आईनस्टाईनने ते सिद्ध केलं’ हे वाक्य मी व्याख्यानांत, कीर्तनांत आणि एका विज्ञानप्रदर्शनाच्या फलकावरही ऐकलं-वाचलं आहे. त्या एका वाक्यात दोन चुका आहेत. आईनस्टाईनने १९०५ साली ईथर सिद्ध केलं नाही; त्याची गरजच उरत नाही, असं लिहिलं. दुसरी चूक शब्दाची आहे, आणि मला जास्त तीच खुपते.

शस्त्रक्रियेच्या वेळी हुंगवायचे तो ईथर सगळ्यांना माहीत आहे. तो द्रव उघडा राहिला की भुर्रकन उडून जातो, म्हणून १७३० साली फ्रोबेनियसने त्याला हे आकाशातलं नाव दिलं. तो इथेच सोडू.

आता आकाश. न्यायशास्त्राची ओळख करून देणारा अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ उघडा. तिथे व्याख्या आहे: ‘शब्दगुणकमाकाशम्’. ज्याचा गुण शब्द, म्हणजे ध्वनी, ते आकाश. एकोणिसाव्या शतकातलं ईथर याच्या अगदी उलट कारणासाठी जन्माला आलं. काचेच्या हंडीत घंटा टांगा आणि हवा काढून घ्या. घंटेचा आवाज विझत जातो, पण घंटा दिसत राहते. आवाज न्यायला हवा लागते हे त्यातून कळलं. मग हवा गेल्यावरही जो उजेड आरपार येतो, तो कशावरून येतो? प्रकाश जर तरंग असेल, तर काहीतरी थरथरलं पाहिजे. त्या ‘काहीतरी’ला नाव दिलं ईथर. जिथे ध्वनी संपतो आणि प्रकाश उरतो, तिथे हा शब्द उभा आहे. आणि त्याचं भाषांतर आपण कशाने करतो, तर ध्वनी हाच ज्याचा गुण त्या द्रव्याने!

या गोंधळाची जबाबदारी मी कोशकारांवर टाकतो. मोनियर-विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत कोशात ‘आकाश’च्या अर्थांत ईथर आहे. तत्त्वज्ञानातला अर्थ देताना तर त्यांनी विश्व भरून राहिलेला, प्राण आणि शब्द वाहून नेणारा सूक्ष्म प्रवाही पदार्थ असं वर्णन केलं. प्रवाही? नैयायिकांचं, म्हणजे न्यायशास्त्र मानणाऱ्यांचं, आकाश एक, विभु (सर्वव्यापी) आणि नित्य आहे. ते वाहत नाही, हलत नाही. ज्या काळात प्रत्येक शिकलेल्या माणसाच्या डोक्यात ईथर होतं, त्या काळातल्या विद्वानाने ते संस्कृत शब्दात ओतलं. पुढे आपण तोच कोश उघडून ‘बघा, आमच्याकडेही होतं’ म्हणू लागलो. विवेकानंदांनी १८९६ मधल्या एका पत्रात विद्युतशास्त्रातला संशोधक निकोला टेस्ला याला आकाश आणि प्राण या कल्पना किती आवडल्या ते लिहिलं आहे. त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण हे समीकरण तिथूनही घरोघरी गेलं.

आता ज्यासाठी मी हा प्रश्न हातात घेतला, ते सांगतो.

ग्रीकमध्ये मूळ शब्द ‘आइथेर’. होमरच्या काव्यात खालची धुकट, दमट हवा ती ‘आएर’ आणि तिच्या वरचं लखलखीत, निरभ्र आभाळ ते ‘आइथेर’. धातू ‘आइथो’, अर्थ जळणे, पेटवणे. ग्रीक ‘थ’च्या जागी संस्कृतात ‘ध’ येतो आणि ग्रीक ‘आइ’च्या जागी ‘ए’. मग ‘आइथ’चा संस्कृत भाऊ कोणता? एध! एध म्हणजे सरपण. धातू इन्ध्. त्याच्यापासून इंधन, इध्म आणि समिध्. होमात घालायची पळसाची समिधा आणि भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसन ज्याचा शोध घेत होता ते ईथर एका धातूची लेकरं आहेत. ऋग्वेदातलं ‘अग्निनाग्निः समिध्यते’ हे त्याच धातूचं रूप. गीतेच्या चौथ्या अध्यायातलं ‘यथैधांसि समिद्धोऽग्निः’ आठवा: एका चरणात हा धातू दोनदा आला आहे, ‘एधांसि’ मध्ये आणि ‘समिद्ध’ मध्ये.

ध आणि थ यांचा हा सांधा मी ओढूनताणून जुळवलेला नाही. ‘मधु’ पाहा. ग्रीकमध्ये त्याचा भाऊ ‘मेथू’, म्हणजे मद्य. १८३०च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी या ‘मेथू’ला ‘हूले’, म्हणजे लाकूड, हा शब्द जोडून लाकडाच्या मद्यार्कासाठी नाव घडवलं, आणि त्यातून मेथिल, मिथेन आले. त्याच सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने ईथरला तेच ‘हूले’चं शेपूट जोडलं आणि ‘एथिल’ केलं. पुढे इथेन, इथेनॉल. म्हणजे मिथेनमध्ये मधु आहे आणि इथेनमध्ये एध. आपल्या साखर कारखान्यांतून टँकर भरून जे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायला जातं, त्याला आपण इंधन म्हणतो. ‘इथेनॉल हे इंधन आहे’ या वाक्यात एकच धातू दोनदा येतो: एकदा अथेन्स, जर्मनी असा फिरून, आणि एकदा थेट यज्ञकुंडातून. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातलं पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

यावर एक मोठा माणूस आडवा येतो: ॲरिस्टॉटल. त्याच्या मते ‘आइथेर’ हा ‘आएइ थेइन’पासून आला, म्हणजे ‘सदा धावणारा’. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’मध्ये सॉक्रेटिसच्या तोंडीही अशीच फोड आहे. ॲरिस्टॉटल एवढ्यावर थांबत नाही. त्याच्या आधीचा तत्त्वज्ञ ॲनॅक्सागोरस हा शब्द अग्नीसाठी वापरतो, ते चूक आहे, असं तो वर ठणकावतो. आजच्या भाषाशास्त्राने निकाल ॲनॅक्सागोरसच्या बाजूने दिला आहे. वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती देणाऱ्या यास्काने ‘अग्नि’ची ‘अग्रणी’ अशी फोड केली, तशीच ही ॲरिस्टॉटलची; आधी सिद्धांत ठरवायचा आणि मग शब्दाला त्याच्या मापाचा अंगरखा शिवायचा. तारे कायम गोल फिरतात, खालची चार तत्त्वं सरळ वर-खाली जातात, म्हणून ताऱ्यांचं तत्त्व वेगळं, पाचवं आणि सदा फिरतं असलं पाहिजे. मग त्याचं नावही ‘सदा धावणारा’च असलं पाहिजे!

आणि आता त्या शब्दाचं पुढे काय झालं ते पाहा. ज्याला ॲरिस्टॉटलने सदा धावणारा म्हटलं, तो दोन हजार वर्षांनी विश्वातली एकमेव न हलणारी गोष्ट झाला.

हे एका दिवसात झालं नाही. हायगेन्सने १६९० साली छापलेल्या ग्रंथात प्रकाश म्हणजे ईथरच्या कठीण, लवचीक कणांतून पुढे सरकत जाणारा धक्का, असं मांडलं. न्यूटनचं वजन ‘प्रकाश म्हणजेच कण’ या मताच्या बाजूला पडलं आणि शंभर वर्षं तरंग मागे राहिले. मग यंग आणि फ्रेनेल आले. १८२०च्या सुमारास फ्रेनेलला मान्य करावं लागलं, की प्रकाशाची थरथर पुढे-मागे नसून आडवी आहे. इथे मोठी पंचाईत झाली. आडवी थरथर पाण्याच्या किंवा वायूच्या पोटातून जात नाही, तिला घन पदार्थ लागतो. म्हणजे ईथर पोलादासारखं ताठ हवं, आणि त्यातून ग्रह अडखळल्याशिवाय फिरलेही पाहिजेत. ‘सूक्ष्म प्रवाही पदार्थ’ म्हणून आकाशात ईथर ओतणाऱ्या कोशकारांनी या ताठ ईथरचा विचार केलेला दिसत नाही.

ईथर पृथ्वीबरोबर फरफटतं का? ब्रॅडलीने १७२० च्या दशकात पाहिलं होतं, की पृथ्वीच्या गतीमुळे तारे वर्षभरात सुमारे २० विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) इकडे-तिकडे सरकलेले दिसतात. त्याचा सरळ अर्थ, ईथर जागच्या जागी आहे आणि आपण त्यातून चाललो आहोत. फ्रेनेलने १८१८ साली पारदर्शक पदार्थ ईथरला थोडंसंच ओढतात असा हिशेब दिला, आणि १८५१ साली फिझोने वाहत्या पाण्यातून प्रकाश पाठवून तो हिशेब पडताळला. स्टोक्स मात्र म्हणत होता, की पृथ्वीलगतचं ईथर पुरतं तिच्याबरोबर जातं. गती कोणाची आणि कशाच्या संदर्भात, हा प्रश्न इथे पहिल्यांदा प्रकाशाला बांधला गेला.

वीज आणि चुंबकत्व यांची वाट तोवर वेगळी होती. १८४५ साली फॅरेडेने जड काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवणाचं प्रतल, म्हणजे आडवी थरथर ज्या पातळीत होते ती पातळी, चुंबकाने फिरवून दाखवलं. १८५६ साली वेबर आणि कोलराउश यांनी विद्युतभार मोजायच्या दोन पद्धतींचं गुणोत्तर काढलं. त्या प्रयोगात प्रकाशाचा किरणही नव्हता, होती ती साठवलेली वीज आणि मोजमापं. आकडा आला सेकंदाला ३,१०,७४० किलोमीटर. फिझोने दातेरी चाक फिरवून काढलेला प्रकाशाचा वेग सुमारे ३,१५,००० होता. मॅक्सवेलने १८६२ साली हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि म्हटलं, विजेला आणि चुंबकाला जे माध्यम लागतं त्याच माध्यमाच्या आडव्या थरथरीला आपण प्रकाश म्हणतो. दोन ईथरांचं एक झालं. पुढे ब्रिटानिका विश्वकोशात ‘ईथर’ ही नोंद त्यानेच लिहिली. लोकांनी ग्रहांना पोहायला एक, विजेला एक, चुंबकाला एक असं करत करत सगळा अवकाश तीन-चारदा ईथरने भरून टाकला होता, अशी तक्रार त्यात आहे.

आणि १८८७ साली क्लीव्हलंडमध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांनी ईथरमधून जाणाऱ्या पृथ्वीची गती मोजायला मांडलेली ती शिळा. सुमारे दीड मीटर लांब-रुंद आणि ३० सेंटीमीटर जाड दगड, त्याखाली लाकडी कडं, आणि ते तरंगतं पाऱ्याने भरलेल्या बिडाच्या गोल पन्हळीत. एकदा हळूच ढकलला, की सहा मिनिटांत एक फेरा या गतीने तो फिरत राही, आणि निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून त्याच्याबरोबर चालत चालत सोळा खुणांवर, काटकोनातल्या दोन वाटांनी जाऊन परत आलेले किरण एकत्र आले की उमटणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यांची नोंद घेई. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटरने धावते. ईथर स्थिर असेल, तर पट्टे सुमारे ०.४ पट्ट्याइतके सरकायला हवे होते. प्रत्यक्षात सरकले ते याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. फिट्झजेराल्डने १८८९ साली आणि मागोमाग लोरेंट्झने सुचवलं, की गतीच्या दिशेने दगडच किंचित आखूड होत असेल. लोरेंट्झने ईथरचे यांत्रिक गुण एकेक करून काढून घेतले. शेवटी ईथरकडे त्यातला एकच गुण उरला, न हलणं. ॲरिस्टॉटलच्या व्युत्पत्तीचा याहून पुरता पराभव कोणता असेल?

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. विभु आणि निष्क्रिय एवढंच पाहिलं, तर लोरेंट्झचं शेवटचं ईथर नैयायिकांच्या आकाशाच्या बरंच जवळ येतं. पण एक लक्षण जुळलं म्हणून नाव देता येत नाही. गुण पाहायचा, आणि गुण प्रकाशाचा आहे. प्रकाश तर्कसंग्रहात ‘तेज’ या द्रव्याखाली येतो. तिथे तेजाचे प्रकार सांगताना अन्नंभट्ट लिहितो: ‘अबिन्धनं दिव्यं विद्युदादि’. पाणी हेच जिचं इंधन, ती वीज वगैरे म्हणजे दिव्य तेज. वीज आणि उजेड एका द्रव्याखाली, आणि त्याच वाक्यात इन्ध्! अन्नंभट्टाला मॅक्सवेल ठाऊक होता असला दावा मी करत नाही, आणि कोणी केला तर मी त्याच्याशी भांडेन. मी शब्दांबद्दल बोलतो आहे: ईथरला संस्कृतात घर शोधायचंच असेल, तर ते तेजाच्या वाड्यात आहे.

आणखी एक. पाणिनीय धातुपाठात ‘इन्ध्’चा अर्थ दिला आहे ‘दीप्तौ’. आकाश आणि प्रकाश ज्या ‘काश्’पासून आले, त्याचाही अर्थ दिला आहे ‘दीप्तौ’. म्हणजे चकाकणं या एकाच अर्थातून ग्रीकांनी लखलखतं आभाळ काढलं, आणि आपण आभाळही काढलं, उजेडही काढला. व्युत्पत्तीत हे शब्द शेजारी आहेत, म्हणूनच पारिभाषिक अर्थात त्यांची गल्लत करणं जास्त वाईट. शेजाऱ्याच्या पत्त्यावर आपलं पत्र टाकू नये.

तेव्हा लिहायचं काय? ‘ईथर’च. पहिल्यांदा येईल तिथे ‘प्रकाशवाही ईथर’ लिहा, म्हणजे दवाखान्यातल्या ईथरशी घोळ होणार नाही. ई दीर्घ, कारण इंग्रजीतून आलेला उच्चार दीर्घ आहे. इथेनॉल, इथेन ह्रस्व, कारण मराठीत तिथे तो आखूड होतो. ‘ईथरनेट’ मात्र दीर्घच लिहा: १९७३ साली मेटकाफने हे नाव ठेवलं ते याच प्रकाशवाही ईथरवरून, तार स्वतः काही करत नाही, सगळ्यांचे संदेश नुसते नेते, म्हणून. संगणकामागे खोचलेल्या त्या निळ्या तारेत एध अजून आहे.