चाकं राहू दे, आधी जमीन मोज

डर्बी, इंग्लंड, रविवार संध्याकाळ

बाळा,

परड्यात माणसं बसवून चालवायच्या छोट्या रेल्वेबद्दलचं तुझं लांबलचक पत्र आणि चौदा फोटो मिळाले. चौदापैकी अकरा चाकांचे. लेथवर कातण्याआधीचं चाक, कातल्यानंतरचं चाक, तळहातावर ठेवलेलं चाक. दोन फोटो इंजिनाच्या आराखड्याचे. आणि एक, बहुतेक चुकून आलेला, परड्याचा. त्यात विहिरीचा कठडा दिसतो, शेवगा दिसतो आणि बाजेवर शेंगा फोडत बसलेली तुझी आजी दिसते. मी सगळ्यात जास्त वेळ तोच बघितला.

तू विचारतेस, गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, पाच इंची घेऊ की सव्वासात इंची? वाफ की बॅटरी? लोखंड की ॲल्युमिनियम? महिनाभर नीट झोप नाही म्हणतेस. कशी लागेल? सगळे प्रश्न तू शेपटीकडून धरलेत. आधी जमीन, मग रूळ, मग डबा, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

परडं सपाट आहे असं तू लिहिलंस. कशाने मोजलंस? फोटोत विहिरीपाशी ओल आहे आणि फाटकाकडे पाण्याने ओढलेल्या रेघा आहेत, म्हणजे पाणी विहिरीकडून फाटकाकडे वाहतं. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या जमिनीत ३० मीटरला ६० सेंटिमीटरचा उतार सहज लपतो. तो झाला पन्नासाला एक. असा चढ चढताना प्रत्येक टनामागे २० किलोचा जादा ओढ लागतो. चार मोठी माणसं, दोन डबे आणि इंजिन धरून ४५० किलो झाले, तर नुसत्या चढाचेच ९ किलो. त्यात वळणाचं घर्षण, रुळावरची धूळ, शेवग्याची पानं. ९० किलोचं इंजिन ओल्या रुळावर १५ किलोच्या पुढे ओढायला गेलं की चाकं जागीच फिरायला लागतात. मग तुझी ती आरशासारखी कातलेली चाकं काय कामाची? इंजिन किती वजनाचं हवं हे जमीन सांगणार आहे आणि तिला तू अजून विचारलेलंच नाहीस.

माथेरानच्या गाडीकडे बघ. नेरळहून वर जाणारी ती दोन फुटी लाइन १९०७ साली सुरू झाली. डोंगराने वाट दिली तशी ती गेली, वळसे घेत घेत. त्या वळणांवर साधं इंजिन चाललं नसतं, म्हणून जर्मनीहून ओरेन्स्टाइन अँड कोपेलची जी इंजिनं आणली त्यांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे ॲक्सल, म्हणजे चाकांच्या जोडीला धरणारे दांडे, होते. टोकाचे ॲक्सल पोकळ आणि त्यांच्या पोटात दुसरा ॲक्सल, म्हणजे वळणावर टोकाची चाकं किंचित तिरपी होतात. डोंगराने आधी सांगितलं, मग इंजिन बनलं.

माझ्या घरापासून आठेक किलोमीटरवर डफील्ड नावाचं गाव आहे. तिथे सर आर्थर हेवुड यांनी १८७४ साली आपल्या घराच्या आवारात, डोंगरउतारावर, पंधरा इंची लाइन टाकायला घेतली. त्याआधी नऊ इंची करून बघितली होती, ती माणसं बसवायला पुरेशी स्थिर वाटली नाही. पंचवीस फूट त्रिज्येची वळणं होती आणि त्या वळणांत वळतील असे ॲक्सल त्यांनी स्वतः योजले. मी नोकरीसाठी परळच्या वर्कशॉपमधून इथे आलो तेव्हा हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, आणि तरीही मी उलटं केलं. म्हणून तर एवढा जीव तोडून लिहितोय.

१९८६ साली मी पाच इंची वाफेचं इंजिन करायला घेतलं. एकमेकांना जोडलेली सहा चाकं, लांब चौकट, कारण आराखड्यात ते देखणं दिसत होतं. अकरा वर्षं लागली. शिफ्ट करून आलो की रात्री दोन तास गॅरेजमध्ये. एका पुरवठादाराने सिलिंडरचं कास्टिंग आतून पोकळ्या असलेलं पाठवलं, त्यात आठ महिने गेले. १९९७ ला इंजिन पूर्ण झालं, मग मी बाग मोजायला घेतली. बागेत जास्तीत जास्त सहा मीटर त्रिज्येचं वळण बसत होतं. माझ्या इंजिनाला नऊ हवं होतं.

अकरा वर्षं, आणि एक टेप मी बागेत नेली नव्हती.

मधल्या दोन चाकांची फ्लेंज, म्हणजे चाक रुळावरून घसरू न देणारी कड, मी लेथवर कातून टाकली. ज्या चाकांना हाताने पॉलिश केलं होतं तीच पुन्हा चकमध्ये धरली, टूल लावला आणि फ्लेंज भुश्यासारखी ट्रेमध्ये पडत राहिली. दोन्ही टोकांच्या ॲक्सलना बाजूला सरकायला जागा करून दिली. इंजिन वळतं आता. पण तो आवाज अजून कानात आहे. तुझ्या लेथवर तो कधी येऊ नये एवढंच मला हवंय.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे लिहायला. १९८८ मध्ये माझी मुलगी सात वर्षांची होती. गॅरेजच्या फरशीवर दीड मीटरच्या दोन पट्ट्या टाकून मी त्यावर डब्याची चौकट ठेवली होती, बेअरिंग तपासायला. ती येऊन त्यावर बसली आणि पायाने ढकलत पुढेमागे करू लागली. तोंडाने शिट्टी, हाताने हिरवा झेंडा. मी ओरडलो, की बेअरिंगमध्ये कच जाईल, ऊठ. ती उठली, हाताचं ग्रीस फ्रॉकला पुसलं आणि आत गेली. त्यानंतर ती गाडीबद्दल कधी बोलली नाही. आता ती येते, बागेत उभी राहते, ‘छान चाललीय, बाबा,’ म्हणते. बसत नाही.

मी तेव्हा समजत होतो की गाडी अजून व्हायची आहे. ती तर झाली होती! दीड मीटर रूळ आणि एक चौकट, त्यावर बसलेलं पोर. १९९८ मध्ये बागेत पहिले बारा मीटर टाकून झाले आणि मी चहाला आत गेलो, तर शेजारची दोन मुलं रिकामा डबा ढकलत होती. एक बसायचा, दुसरा पळायचा, टोकाला पोचले की अदलाबदल. इंजिन शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेलं होतं आणि त्यांनी त्याची चौकशीसुद्धा केली नाही. तुझे वडील सांगतात, तुला लहानपणी पेशवे पार्कात फुलराणीत बसवलं होतं. १९५६ पासूनची ती गाडी. तिचं इंजिन तुला कितपत आठवतंय? वारा आठवत असेल, वळणावर कलणं आठवत असेल. ते सगळं रूळ देतात.

आता काम सांगतो. गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी आण. दोन मीटरवर एक अशा खुंट्या ठोक आणि प्रत्येकीवर पाण्याची पातळी घे. नळीत बुडबुडा राहू देऊ नकोस, नाहीतर सगळे आकडे खोटे. तू दिलेल्या मापांवरून मी हिशेब केला. ३० बाय १६ मीटरची मोकळी जागा, दोन्ही टोकांना ८ मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं, मधे १४ मीटरचे दोन सरळ तुकडे, म्हणजे साधारण ७८ मीटरची फेरी होते. सव्वासात इंचीला ८ मीटर त्रिज्या चालते, पण आखूड चौकटीचं इंजिन आणि बोगीवरचे, म्हणजे डब्याखाली स्वतंत्र वळणाऱ्या चाकांच्या चौकटींवरचे, डबे असतील तरच. बघ, इंजिनाचा अर्धा आराखडा जमिनीनेच ठरवून दिला की नाही? आणि हो, सव्वासात इंचीच कर. पाच इंचीवर मोठी माणसं बसतात, पण तोल सांभाळत बसावं लागतं. आजीला तोल सांभाळायला लावू नकोस.

मग फक्की मारून चर खण, ५० सेंटिमीटर रुंद, ३० खोल. तुमच्याकडची काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि जूनमध्ये फुगून वर येते. तिच्यावर थेट रूळ टाकलेस तर पहिल्याच पावसात सापासारखे वळतील. पाचेक ब्रास मुरूम लागेल. थर देत, पाणी मारत, धुम्मसने ठोकत भर. वर बारीक खडीचा आठ-दहा सेंटिमीटरचा थर. चराच्या दोन्ही बाजूंना पाणी निघून जायला वाट ठेव. आणि मग एक पूर्ण पावसाळा थांब. तू तेवीस वर्षांची आहेस, चार महिन्यांनी तुझं काय बिघडतंय? कुठे खचलं, कुठे फुगलं ते दिवाळीत परत नळीने मोज आणि भर घाल. हा पावसाळा वाचवायला गेलेल्यांच्या गाड्या मी बघितल्यात. दर रविवारी जॅक घेऊन गुडघ्यावर बसलेले असतात.

रूळ लोखंडाचे. २५ बाय १० मिलिमीटरची एम. एस. फ्लॅट, म्हणजे साध्या पोलादाची पट्टी, उभी वापर, मीटरला जवळजवळ दोन किलो भरते. ७८ मीटरच्या दोन बाजू धरून तीनशे किलोच्या थोडी वर जाईल. गावच्या स्टीलवाल्याकडे मिळते, वेल्डिंग होतं, वाकवायचं यंत्र तीन रोलर लावून तू स्वतः करशील. ॲल्युमिनियम गंजत नाही हे खरं, पण उन्हात लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. सहा मीटरची लोखंडी पट्टी हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे मधल्या दुपारपर्यंत, म्हणजे रूळ ४५ अंश तापला तर, सव्वातीन मिलिमीटर वाढते. मी मार्चमध्ये, थंडीत, जोड एकमेकांना चिकटवून टाकले होते, कारण फटी मला घाणेरड्या दिसायच्या. जुलैत एका दुपारी सरळ तुकडा बोटभर बाजूला सरकून कमान झाला. तू पहाटे टाकलेस तर तीन मिलिमीटरची फट ठेव, रणरणत्या उन्हात टाकलेस तर जेमतेम. फिशप्लेटची, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीची, भोकं लांबट कर म्हणजे पट्टीला सरकता येईल. रुळांखालचे आडवे स्लीपर २० सेंटिमीटरला एक, म्हणजे ३९० लागतील. गेज १८४ मिलिमीटर, वळणावर दोन-तीन मिलिमीटर मोकळं. गेज तपासायची एक पट्टी करून खिशात ठेव आणि दर तिसऱ्या स्लीपरला लाव. हे कंटाळवाणं काम आहे. तूच कर, दुसऱ्याला देऊ नकोस.

त्यानंतर डबा. बैठक जितकी खाली तितकं बरं, पाय ठेवायला दोन्ही बाजूंना पट्टी, चाकांवर पत्र्याचं झाकण म्हणजे लहान बोटं आत जाणार नाहीत, आणि हाताने ओढायचा ब्रेक. ब्रेकशिवाय डबा रुळांवर ठेवायचा नाही, तुझ्या त्या उतारावर तर नाहीच. डबा झाला की ढकला. आजीला बसव, भावाला ढकलू दे. त्या दिवशी तुझी रेल्वे सुरू झाली असं मी धरीन.

इंजिन पहिलं बॅटरीचं कर. २४ व्होल्टची गिअरवाली मोटर, २५० वॅटची, दोन लावल्यास तर चारही चाकं चालतील. वाफेचं वेड मला समजवायला लागू नकोस, ते माझ्याच अंगात आहे. पण वॉल्ट डिस्नेसारख्या माणसाने लॉस एंजेलिसच्या घरी सव्वासात इंचीची अर्ध्या मैलाची सुंदर लाइन टाकली, पत्नीच्या फुलांच्या ताटव्याखालून नव्वद फुटांचा बोगदा नेला, आणि १९५३ मध्ये वळणावर वेगात इंजिन उतरून वाफेने एक लहान मुलगी भाजली, तेव्हा ती बंद केली. वाफेला चूक चालत नाही. तांब्याचा बॉयलर, चांदीच्या मिश्रधातूचे जोड, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने पाणी भरून घेतलेली चाचणी, आणि शेजारी जाणता माणूस. ते तू तिशीत कर. मी येईन.

तुझ्या वडिलांना वाटतं की माझी अकरा वर्षं फुकट गेली. फोनवर ते बोलले नाहीत, पण मला कळतं. तसं नाही. त्या वर्षांत इथली कारखान्यातली माणसं पन्नास-पन्नासने घरी जात होती, आणि मला दर रात्री दोन तास एक काम होतं ज्यातून मला कोणी काढू शकत नव्हतं. तो बॉयलर मी दोन हातांनी जोडलाय आणि अजून एक थेंब गळत नाही. तयार इंजिन विकत मिळत होतं, पैसेही होते. नाही घेतलं, आणि आजही घेतलं नसतं. इंजिन करण्यात माझी चूक नव्हती, ते मी कोणालाही सांगेन. चूक क्रमाची होती. आधी बारा मीटर रूळ टाकले असते तर त्याच अकरा वर्षांत ती पोरगी रोज संध्याकाळी त्यावर असती, आणि गॅरेजमधल्या ठोकठोकीचा आवाज तिला आपल्याच गाडीचा वाटला असता.

चाकं ग्रीस लावून, तेलकट कागदात गुंडाळून फळीवर ठेव. चांगली कातलीस. फ्लेंजच्या मुळाशी गोलाई ठेवलीस ती मी बघितली, तिथे चुकतात सगळे. पण आता त्यांचे फोटो नकोत. पुढच्या पत्रात मला खुंट्यांचे आकडे हवेत. विहिरीपासून सुरू कर, पहिल्या खुंटीला शून्य धर, सगळी फेरी मिलिमीटरमध्ये. शेवटची खुंटी पुन्हा पहिलीला जुळली पाहिजे. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर नळीत बुडबुडा आहे, परत घे. आणि शेवग्याची मुळं विहिरीच्या बाजूला किती लांब आलीत ते थोडं खणून बघ, कारण चर तिथूनच जाणार आहे.

आजीला नमस्कार सांग. बाज कुठे हलवायची ते तिला विचारून ठरव.

तुझा काका