वाचकांचे प्रश्न : रोमच्या कथा-मालिकांत रमायचं कसं?

प्राचीन रोमवरच्या कादंबऱ्या आणि मालिका यांबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : नावांतच गोंधळ होतो. दहा माणसांत तीन गायस आणि चार मार्कस. चौथ्या प्रकरणात पुस्तक मिटलं. (अमळनेर)

मिटू नका, नावांची रचना एकदा कळली की तीच नावं मदतीला येतात. गायस ज्युलिअस सीझर यातलं गायस हे त्याचं स्वतःचं नाव, ज्युलिअस हे कूळ आणि सीझर ही त्या कुळातली शाखा. आपल्याकडे एका कुळात अनेक भावक्या असतात, तसंच तिथे. कॉर्नेलिअस या एकाच कुळात स्किपिओही आहेत आणि सुलाही. स्वतःची नावं मुळातच कमी होती. नेहमीच्या वापरातली जेमतेम दीड डझन भरतात, म्हणून मार्कस पुन्हा पुन्हा येतो. वाचताना शेवटच्या नावावर बोट ठेवा, पहिलं सोडून द्या. नुसतं ‘सी.’ छापलेलं दिसलं तरी ते गायसच वाचायचं.

मुलींना कुळाचंच नाव मिळे. ज्युलिअसांची मुलगी ज्युलिया. सीझरचा सेनानी मार्क अँटनी (कूळ अँटोनिअस) याला ऑक्टेव्हियापासून दोन मुली झाल्या, त्या दोघीही अँटोनिया. एक थोरली, दुसरी धाकटी. सम्राट क्लॉडिअस हा या धाकटीचा मुलगा.

खरी अडचण दत्तकाची आहे. दत्तक गेलेला माणूस नव्या बापाचं पूर्ण नाव घेतो आणि जुन्या कुळाच्या नावाला ‘-आनस’ जोडून ते मागे ठेवू शकतो. गायस ऑक्टेव्हिअस हा मुलगा इ.स.पू. ४४ मध्ये सीझरच्या मृत्युपत्राने दत्तक गेला, म्हणून इतिहासकार त्याला ऑक्टेव्हिअन म्हणतात. तो स्वतः मात्र सीझर हेच नाव लावायचा आणि इ.स.पू. २७ पासून ऑगस्टस. हाच रोमचा पहिला सम्राट. तेव्हा सीझरच्या खुनानंतरच्या प्रकरणात कोणी “सीझर आला” म्हणालं, तर आलाय तो हा पोरगा. वहीच्या एका पानावर चार रकाने आखा : नाव, कूळ, शाखा, दत्तक कुठून कुठे. चौथा रकाना टाळला तर निम्म्या कादंबऱ्यांतली वारसाहक्काची भांडणं कळणारच नाहीत.

प्रश्न : मालिकेतलं खरं किती आणि रचलेलं किती, हे घरबसल्या कसं ओळखायचं? (भुसावळ)

घटना, माणूस आणि हेतू असे तीन भाग वेगळे करा. घटना बहुतेक खऱ्या असतात, माणसं अर्धीमुर्धी, आणि हेतू जवळजवळ नेहमी लेखकाचे.

‘रोम’ (२००५ ते २००७, दोन पर्वं, २२ भाग) या मालिकेतले व्होरेनस आणि पुलो घ्या. ही नावं सीझरने स्वतः गॉलच्या (आजचा फ्रान्स आणि आसपास) युद्धाच्या वृत्तांतात, पाचव्या भागात लिहून ठेवली आहेत. इ.स.पू. ५४ चा हिवाळा, छावणीला वेढा पडलेला, आणि बढतीवरून वर्षानुवर्षं चुरस असलेले हे दोन सेंच्युरिअन, म्हणजे शिपायांच्या तुकडीचे नायक. पुलो एकटाच तटाबाहेर धावतो. शत्रूचा भाला त्याच्या ढालीतून आरपार जाऊन पट्ट्यात रुततो, म्यान बाजूला सरकतं आणि तलवार काढायला हात पोचत नाही. तेवढ्यात व्होरेनस मदतीला येतो. मग तो स्वतः खड्ड्यात पडतो आणि पुलो त्याला सोडवतो. दोघं जिवंत परततात. बायको, मुलं, कर्ज, दोस्ती हे बाकी सगळं मालिकाकारांचं. पुलोला तर त्यांनी सेंच्युरिअनवरून साधा शिपाई केलं. आमच्या मते हा बदल उत्तम आहे. त्यामुळे एकाच्या डोळ्यांनी शिस्त दिसते आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी रस्ता.

उलटं उदाहरण ऑगस्टसची बायको लिव्हिया हिचं. रॉबर्ट ग्रेव्हजच्या १९३४ च्या कादंबरीने आणि तिच्यावरच्या १९७६ च्या ‘आय, क्लॉडियस’ मालिकेने तिला विषकन्या केलं. मूळ आधार काय? रोमन इतिहासकार टॅसिटस साधारण शंभर वर्षांनी संशय सुचवतो. दुसरा इतिहासकार डिओ दोनशे वर्षांनी, झाडावरच्या अंजिरांना विष चोपडल्याची वदंता सांगतो. आता नकाशा उघडा. ऑगस्टसचा नातू आणि वारस ल्युशिअस वारला मार्सेलिसला (इ.स. २), त्याचा भाऊ गायस वारला आजच्या तुर्कस्तानातल्या लिशियात (इ.स. ४). लिव्हिया रोममध्ये. ऑगस्टसचा भाचा आणि जावई मार्सेलस गेला ते इ.स.पू. २३ साल रोगराईचं होतं, हे डिओच नोंदवतो. एवढं माहीत असूनही मालिका पकड घेते, कारण ती क्लॉडिअसच्या तोंडून सांगितली आहे, आणि घरातल्या दबलेल्या माणसाला घर असंच दिसणार. क्लॉडिअसने आठ भागांचं आत्मचरित्र लिहिल्याचं रोमन चरित्रकार सुएटोनिअस सांगतो. ते हरवलंय. कादंबरी नेमकी त्या रिकाम्या जागेत उभी राहते.

प्रश्न : दोन्हींपैकी आधी कोणती पाहावी? मुलांसोबत चालेल का? (चोपडा)

काळाच्या क्रमाने ‘रोम’ आधी. पण तिच्यात नग्नता आणि रक्तपात भरपूर आहे, ती मुलांसोबत नाहीच. १९७६ ची मालिका सगळी स्टुडिओत चित्रित झाली आहे. लढाया नाहीत, संवादांवरच चालते, नाटकाची सवय असलेल्याला लगेच जमते. तिच्यातही काही प्रसंग क्रूर आहेत, म्हणून शाळकरी मुलांना नको. दोन्हींना इंग्रजी सबटायटल लावाच. नाव कानावर पडण्याबरोबर डोळ्यांसमोर आलं की वहीतला रकाना भरता येतो.

प्रश्न : एका कादंबरीत जानेवारीत सीझर नदी ओलांडतो आणि हवा शरदातली. लेखक चुकला ना? (शहादा)

नाही, लेखकाने अभ्यास केलाय. जुनं रोमन वर्ष ३५५ दिवसांचं होतं. ऋतूशी मेळ राखायला फेब्रुवारीत अधिक महिना घालत, त्याने २२ किंवा २३ दिवस वाढत. आपला अधिक महिना गणिताने येतो. त्यांचा मात्र पुरोहित मंडळ ठरवी तेव्हा, आणि त्यात राजकारण चाले, कारण वर्ष लांबलं की अधिकाऱ्याची मुदतही लांबे. सीझर स्वतः मुख्य पुरोहित, पण तो वर्षानुवर्षं गॉलमध्ये, नंतर यादवीत. महिना घालायचा राहून गेला आणि तारखा पुढे पळाल्या. इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत त्याने रुबिकॉन नदी ओलांडली, तेव्हा ऋतूने नोव्हेंबरचा शेवट चालू होता. पुढे हिशेब जुळवायला इ.स.पू. ४६ हे एकच वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं.

तारखा वाचताना आणखी एक लक्षात ठेवा. रोमन माणूस उलटा मोजतो आणि दोन्ही टोकं धरतो. दहावं-तेरावं मोजताना गेला तो दिवस आपण धरतो, तसं. आयडीज म्हणजे महिन्याचा मधला दिवस, मार्चमध्ये १५ वा. ‘मार्चच्या आयडीजच्या आधीचा तिसरा दिवस’ म्हणजे १३ मार्च, १२ नव्हे.

प्रश्न : सेस्टर्स म्हणजे आजचे किती रुपये? (चाळीसगाव)

रुपयांत बदलूच नका, पगारात बदला. सेस्टर्स आणि डिनेरिअस ही रोमन नाणी; चार सेस्टर्सचा एक डिनेरिअस. सीझरने वाढवल्यावर साध्या शिपायाचा वर्षाचा पगार झाला २२५ डिनेरिअस, म्हणजे ९०० सेस्टर्स. हा एकच आकडा पाठ करा. सीझरने मृत्युपत्रात रोममधल्या प्रत्येक नागरिकाला ३०० सेस्टर्स ठेवले होते. शिपायाची चार महिन्यांची कमाई प्रत्येकाच्या हातात! मृत्युपत्र वाचल्यावर रस्ता का पेटला, हे अँटनीच्या भाषणाइतकंच या आकड्यानेही कळतं.

प्रश्न : अंगठा खाली केला की ग्लॅडिएटर मारायचे, हे खरं का? (धुळे)

‘वळवलेला अंगठा’ एवढाच लॅटिन उल्लेख आहे, कुठे वळवलेला ते लिहिलेलं नाही. खाली केलेला अंगठा लोकांच्या मनात ठसला तो जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्रामुळे. “मरायला निघालेल्यांचा तुला प्रणाम” हे वाक्यही आखाड्यातलं नव्हे. इ.स. ५२ मध्ये क्लॉडिअसने फुसिनो तळ्यावर नकली नाविक युद्ध भरवलं, तिथल्या कैद्यांच्या तोंडी सुएटोनिअसने ते दिलंय.

प्रश्न : आमच्या वाचनगटाला रोमन खाण्याचा बेत करायचाय. इथे मिळणाऱ्या जिनसांत काय जमेल? (पारोळा)

आधी काय चालणार नाही ते. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, शेंगदाणा हे सगळं अमेरिकेतून आलं, रोमनांनी पाहिलंसुद्धा नाही. वांगंही त्यांच्या ताटात नव्हतं, त्यामुळे भरीत बाद. पण ठेचा आहे! बिनमिरचीचा. त्याला मोरेटुम म्हणत. याच नावाची एक लॅटिन कविता आहे. तिच्यात एक गरीब शेतकरी पहाटे उठून, चार लसणाचे गड्डे उपटून आणून खलात कुटतो. वास नाकात जातो आणि तो हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसतो. कुटता कुटता हिरवा आणि पांढरा मिळून एकच रंग होतो.

आठ जणांसाठी : २०० ग्रॅम पनीर एक चमचा मीठ चोळून, फडक्यात बांधून, रात्रभर वजनाखाली फ्रिजमध्ये. ही पायरी गाळली तर पाणी सुटतं आणि ठेच्याची चटणी होते. सकाळी दहा-बारा लसूण पाकळ्या (कवितेतले चार गड्डे आजच्या पाहुण्यांना झेपणार नाहीत) चिमूटभर मिठाबरोबर खलबत्त्यात कुटा. मग मूठभर कोथिंबीर आणि सेलरीची थोडी पानं, मग पनीर. शेवटी दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल थेंब थेंब आणि एक चमचा द्राक्षाचं व्हिनेगर. ऑलिव्ह नसेल तर घाण्याचं तिळाचं तेल. मिक्सर नको, पात्याखाली लसूण आणि ऑलिव्ह तेल दोन्ही कडवट होतात. मुळात यात सतापही आहे, पण ती गरोदर बायकांना घातक असते, म्हणून वगळा.

सोबत भाकरी गव्हाची, जाड. कवितेतला शेतकरी ती चुलीवर ठेवतो, वर खापरं झाकतो आणि त्यांवर निखारे ओढतो. बट्टी करणाऱ्यांना हे सांगायला नको. फक्त पिठात मक्याची भरड घालू नका. काळी मिरी मात्र खुशाल वापरा, ती मलबारातून जहाजं भरभरून रोमला जायची.

याच पत्रात पुढे विचारलंय की खानदेशाचा रोमशी काही संबंध आला का. आला, रस्त्यापुरता. इ.स. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोच बंदर आहे, तिथून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येई. तेरहून येई ते मुख्यतः सुती कापड. भडोचला उतरणाऱ्या मालात इटालियन दारू, तांबं, कथील, पोवळं आणि काच. पैठणहून भडोचला निघालेल्या गाडीला सातमाळा उतरून गिरणा-तापीचं खोरं पार करावं लागतं, दुसरीकडून जाणं लांबचं. चाळीसगावजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या गंधी व्यापाऱ्याचं दान कोरलेलं आहे, ते याच वाटेच्या कडेला.

या व्यापारावरची कादंबरी हाती आली तर एक गोष्ट तपासा. ‘पेरिप्लस’प्रमाणे भडोचला येणारं जहाज इजिप्तहून जुलैत निघे आणि पावसाळी वाऱ्यावर येई. परतायला हिवाळ्यातला ईशान्येचा वारा सुटेपर्यंत थांबावं लागे. ऑगस्टमध्ये भडोचहून निघून दिवाळीला घरी पोचणारा रोमन व्यापारी दिसला, तर त्या लेखकाने वारा विचारात घेतलेला नाही.