पुस्तकातलं सोडून दिलेलं पान

"मॅडम, मी चुकीचं पुस्तक आणलं का हो?" समोर बसलेली आई रडवेली झाली होती. मुलगा साडेपाच वर्षांचा, पुस्तक यायोई कुसामा या जपानी चित्रकार बाईंवरचं, ठिपके काढणाऱ्या म्हणून जगभर माहीत असलेल्या. पोराला ते इतकं आवडलं की आठवडाभर भिंत, दप्तर, बाबांचा लॅपटॉप सगळीकडे ठिपकेच. मग एका रात्री त्याने विचारलं, "त्यांना ठिपके खरंच दिसायचे ना, मग मला पण दिसतील?" तेव्हापासून लाईट बंद करू देत नाही.

असे जगावेगळे कलाकार इतक्या लहान मुलांना दाखवायचे का हे मला बरेच पालक विचारतात आणि माझं उत्तर हो असंच असतं. पण मी आधी विचारलं, पुस्तक वाचून कसं दाखवता? थोडं थांबून आई म्हणाल्या, कुसामा मनाच्या आजारासाठी हॉस्पिटलमध्ये राहतात ते पान आलं की मी दोन पानं एकदम उलटते. या आईंच्या मावशीला मानसिक आजार होता आणि घरात त्यावर कधी कोणी बोललंच नाही.

अहो, मुलांना पुस्तक पाठ असतं, गाळलेलं पान त्यांना लगेच कळतं. त्यात या वयात वाटतं की नुसतं मनात आणलं तरी गोष्ट आपल्याला होते, म्हणजे ठिपके काढले की ठिपके दिसणार, त्याच्या डोक्यात हा हिशोब अगदी बरोबर होता.

म्हटलं, ते पान वाचा आणि सरळ सांगा की त्यांना लहानपणी तसं दिसायचं, भीती वाटायची, म्हणून त्या ते कागदावर काढायच्या, आणि चित्र काढून कुणाला आजार होत नाही. १९७७ पासून त्या स्वतःच्या इच्छेने हॉस्पिटलमध्ये राहतात, स्टुडिओ जवळच आहे, हेही सांगा. २००२ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियात मुलांसाठी एक अख्खी पांढरी खोली केली होती, मुलांनी येऊन रंगीत ठिपक्यांचे स्टिकर चिकटवायचे, तसाच एक पांढरा खोका घरी करा म्हटलं. (मूल स्वतःला काही दिसतंय म्हणून वारंवार घाबरत असेल, झोप उडाली असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.)

पुढच्या वेळी आई खोक्याचा फोटो घेऊन आल्या. पान वाचल्यावर त्याने एवढंच विचारलं म्हणे, "डॉक्टर त्यांना ठिपके काढू देतात?" हो म्हटल्यावर पुढचं पान त्यानेच उलटलं.