कार्डावरचा एक कोटीचा विमा आपल्या काय कामाचा?

प्रश्न : ताई नमस्कार. मी अहमदपूरचा, मोंढ्यात आडत दुकानावर हिशेब लिहितो, पगार २२ हजार. आठवड्यातून तीनदा तरी मोटारसायकलवर लातूरला जाणं-येणं होतंय. मला दोन क्रेडिट कार्डांचे फोन आलेत. एकाची वर्षाची फी ४९९ आणि त्यावर १ कोटीचा विमा आहे म्हणतात, दुसरं लाइफटाइम फ्री पण विमा २ लाखाचाच. घरचे म्हणतात एक कोटीवालंच घे. काय करू?

उत्तर : दादा, फोनवाल्याला आधी एवढंच विचारा की हे १ कोटी नेमके कशाचे. असले मोठे आकडे बहुतेक वेळा विमान अपघाताचे असतात, आणि त्यातही बऱ्याच कार्डांना विमानाचं तिकीट त्याच कार्डावर काढलेलं लागतं. तुम्ही वर्षातून किती वेळा विमानात बसता? तुमचा धोका आहे तो अहमदपूर-लातूर रस्त्यावर, रात्री लाइट न लावता उभ्या असलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा, त्यामुळे रस्ता अपघातात किती मिळतात तो आकडा बघा, एक कोटीवाल्या कार्डात तो कदाचित दुसऱ्यापेक्षा कमी पण निघेल.

दुसरं म्हणजे अट. पुष्कळ कार्डांत विमा तेव्हाच चालू धरतात जेव्हा अपघाताच्या आधीच्या ठरावीक दिवसांत त्या कार्डावर एखादा तरी व्यवहार झालेला असेल. कुठं ३० दिवस, कुठं ९० दिवस, प्रत्येक कार्डाचं वेगळं. म्हणजे कार्ड कपाटात ठेवून विमा मिळेल असं धरून बसू नका, महिन्याला एकदा पेट्रोल नाहीतर मोबाइलचा रिचार्ज त्यावर करायचा आणि बिल लगेच भरायचं. हे सगळं एमआयटीसी नावाच्या, म्हणजे कार्डाच्या मुख्य अटींच्या कागदात लिहिलेलं असतं, तो सही करायच्या आधी मागून घ्या, फोनवरच्या बोलण्याला काही अर्थ नसतो.

फीचं गणित पण बघा ना. ४९९ वर १८ टक्के जीएसटी लागून ५८९ होतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे (२०२२ च्या मेपर्यंत तर १२ च होता) आणि अपघाती मृत्यूला २ लाख, दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय गेले तरी २ लाख, एकच डोळा, हात किंवा पाय गेला तर १ लाख. वय १८ ते ७० पाहिजे आणि बँकेत खातं पाहिजे, बस. कार्डाच्या एका वर्षाच्या फीत हा हप्ता २९ वर्षं भरून होतो! म्हणून मी तुम्हाला स्पष्ट सांगते, फ्री वालं कार्ड घ्या, २० रुपयांची योजना उद्याच बँकेत जाऊन चालू करा, आणि वाचलेल्या पैशात थोडी भर घालून वेगळी अपघात पॉलिसी बघा, कारण २२ हजार पगारावर घर चालत असेल तर २-४ लाखानं लेकरांचं शिक्षण निघत नाही.

आणि हे मात्र मनापासून सांगते, कार्डाचं खरं नुकसान फीत नसतं, व्याजात असतं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं, आणि एवढं बऱ्याच कार्डांना असतंच, तर २० हजार मागं राहिले की महिन्याचे ७०० रुपये गेले, वर जीएसटी १२६. म्हणजे वर्षाच्या फीपेक्षा एका महिन्याचं व्याज जास्त! मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरून समाधान मानू नका, आणि एटीएममधून त्या कार्डानं कॅश तर काढूच नका, तिथं पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं.

राहिलं नॉमिनीचं. कार्डावर अपघाती विमा असेल तर बँकेनं नॉमिनीचं नाव लेखी किंवा ऑनलाइन घेतलंच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तुम्ही विचारल्याशिवाय कोणी आठवण करून देईल असं नाही. माझ्या मामेभावाच्या कार्डावर कव्हर होतं, घरात कोणालाच माहिती नव्हतं, तो गेल्यावर कितीतरी महिन्यांनी ट्रंकेत कार्डाचं पाकीट सापडलं तोवर क्लेमची मुदत निघून गेलेली. वहिनी ते पाकीट हातात धरून नुसती बसून राहिली, ते मला अजून आठवतं. तुम्ही तुमच्या बायकोला, आईला आजच सांगा कार्ड कोणतं, विमा किती, कागद कुठं ठेवलाय.

प्रश्न : माझे दीर १५ दिवसांपूर्वी शेतात साप चावून गेले. त्यांचं जनधन खातं होतं. जाऊबाईंना काही मिळेल का? (परळी)

उत्तर : ताई, फार वाईट झालं. आधी त्यांचं पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदींत २० रुपये कापलेले दिसतात का बघा. दिसले तर सुरक्षा विमा चालू आहे, आणि साप चावण्याचा मृत्यू त्यात अपघातच धरतात. अशा वेळी पोलिसांचा कागद नसला तरी दवाखान्यात लगेच नेल्याची नोंद चालते, म्हणून केसपेपर, मृत्यूचा दाखला, पोस्टमॉर्टेम झालं असेल तर तो रिपोर्ट, सगळं एकत्र करा. ४३६ रुपये कापलेले असतील तर जीवन ज्योती योजनेचे २ लाख वेगळे, तिथं कारण अपघातच पाहिजे असं नाही. जनधनच्या रूपे कार्डावर पण अपघाती कव्हर असतं, २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या खात्याला २ लाख, आधीच्याला १ लाख, पण कार्ड शेवटच्या ९० दिवसांत वापरलेलं लागतं, तेही पासबुकातच कळेल.

अर्ज ३० दिवसांच्या आत द्यायचा धरा, म्हणजे तुमच्याकडं दोनच आठवडे आहेत. जाऊबाईंना एकटं पाठवू नका, सोबत जा, अर्जाची झेरॉक्स न्या आणि त्यावर शाखेचा शिक्का, तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.