डिले (प्रोग्रॅम ठरावीक वेळ थांबवून ठेवणारी आज्ञा) टाकल्यावर अर्डुइनोमध्ये (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डात) सिरियल डेटा, म्हणजे तारेवरून एकामागून एक येणारे बाइट, गळतो. बफर (आलेले बाइट तात्पुरते ठेवायची जागा) वाढवू की बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) कमी करू?

दोन्ही नको. डिले काढा.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात नेमकं हेच झालं होतं. तिथला माल किलोवर जायचा, वजन चुकलं की थेट पैशाला फटका. काटा 9600 बॉडने सेकंदाला दहा ओळी पाठवायचा, ओळ 16 बाइटची, आणि उनो (अर्डुइनोचाच एक बोर्ड) ते वजन भिंतीवरच्या डिस्प्लेवर दाखवायचा. गठ्ठा उचलून नेला तरी वर जुनंच वजन, मध्येच दोन वजनांचे आकडे एकात एक. बोर्ड बसवणारे गृहस्थ ठाम होते: लूमच्या मोटारींचा नॉइज केबलमध्ये येतो. मालकाने शिल्डेड केबल ओढली, अर्थिंग नवं केलं. फरक शून्य. मी तीच केबल लॅपटॉपला लावली, एकही ओळ तुटलेली नव्हती. कोड उघडला तर लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात) एक ओळ वाचायची, दाखवायची आणि मग डिले(1000), म्हणजे एक सेकंद थांबायचं, का तर आकडे लुकलुकू नयेत. चोर सोडून संन्याशाला फाशी!

उनोचा रिसीव्ह बफर 64 बाइटचा. डिले चालू असतानाही इंटरप्ट (चालू काम क्षणभर अडवून बाइट टिपणारी सोय) बाइट आत घेतो, पण सेकंदाला 160 येतात आणि तुम्ही 16 उचलता, मग अर्ध्या सेकंदाच्या आत तो भरणारच. भरला की जुने बाइट राहतात, नवे फेकले जातात. म्हणून शिळं वजन. जागा झाली की ओळीच्या मधलेच बाइट शिरतात. म्हणून चिकटलेले आकडे. बफर दुप्पट केलात तर वजन आणखी शिळं दिसेल. बॉड कमी केला तरी काटा ओळी तेवढ्याच पाठवणार.

प्रत्येक लूपमध्ये बफरमध्ये असेल तेवढं सगळं उचला, न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) आली की ओळ पूर्ण धरा, डिस्प्ले मिलिस() (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) बघून बदला. सिरियल.रीडस्ट्रिंग() टाळा, तेही मुळात 1000 मिलिसेकंद वाट बघत बसतं.

त्या गृहस्थांचं अजूनही म्हणणं आहे की मिलिस() सुमारे 50 दिवसांनी शून्यावर येतं, त्यापेक्षा डिले भरवशाचा. साफ चूक. अनसाइन्ड लाँगमध्ये (उणे न होणाऱ्या मोठ्या पूर्णांकात) 'आत्ताची वेळ वजा मागची वेळ' केलं की शून्य ओलांडल्यावरही फरक बरोबरच येतो.

सेटअपमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात) किंवा सेन्सरला दोन-चार मिलिसेकंद द्यायला डिले खुशाल वापरा. आणि केबल खरोखरच शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात असेल, तर आरएस-485 (लांब तारेवरही टिकणारी सिरियल जोडणी) घ्या.