कण्याचा रिपोर्ट चांगला, पण गुडघ्याचं काय?

प्रश्न : माझा भाऊ ३४ वर्षांचा आहे. सहा वर्षांपूर्वी डी-१० ला (पाठीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीला) मज्जारज्जूची दुखापत झाली. कमरेखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणाऱ्या) कण्याचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाशी तुलना) उणे ०.४ आणि खुब्याचा उणे २.६ आला. फ्रॅक्समध्ये (हाड मोडण्याचा धोका काढणाऱ्या हिशेबात) मात्र धोका कमी दिसतो. खरं काय मानायचं? (सातारा)

उत्तर : खुब्याचा आकडा खरा माना. पण सगळ्यात महत्त्वाचा आकडा तुमच्या रिपोर्टमध्ये नाहीच, तो म्हणजे गुडघ्याचा. (पन्नाशीच्या आतल्या पुरुषात एरवी झेड-स्कोअर, म्हणजे समवयस्कांशी केलेली तुलना, बघतात, तो शेजारच्याच रकान्यात असेल.)

दुखापतीनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत लकवा आलेल्या भागातलं हाड सर्वांत वेगाने झिजतं, आणि तेही गुडघ्याच्या वर-खाली, जिथे हाड आतून जाळीदार असतं. व्हीलचेअरवर बसून कण्यावर भार येतच राहतो, त्यामुळे तो फारसा विरळ होत नाही. शिवाय मणक्यांची झीज किंवा ऑपरेशनचे स्क्रू-रॉड त्याचा आकडा खोटाच वाढवतात. म्हणून या रुग्णांत कण्याच्या आकड्यावरून निश्चिंत होऊ नये.

फ्रॅक्स ४० ते ९० वयासाठी आहे, आणि ते खुबा, मणका, मनगट व खांदा एवढीच मोडणी मोजतं. गुडघा त्यात नाही. मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी वेगळा रकाना नाही. ‘दुय्यम ऑस्टिओपोरोसिस’वर (दुसऱ्या कारणाने हाडं ठिसूळ होणं) खूण करता येते, पण घनतेचा आकडा भरला की ती खूण हिशेबातूनच जाते!

इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्लिनिकल डेन्सिटोमेट्रीने २०१९ मध्ये सांगितलं आहे की, मज्जारज्जूच्या दुखापतीने कायमचं अपंगत्व आलेल्या प्रत्येक प्रौढाची तब्येत स्थिर होताच तीन जागी डेक्सा करावी : खुबा, मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक. गुडघ्याचा प्रोग्रॅम आहे का, हे सेंटरला आधी फोन करून विचारा. बऱ्याच ठिकाणी नसतो. असला तरी गुडघ्याला बहुधा टी-स्कोअर मिळत नाही, नुसते ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर मिळतात. ०.७८ च्या खाली हाडं मोडू लागतात आणि ०.४९ च्या खाली बहुतेक मोडणी दिसते, असे आकडे प्रसिद्ध आहेत, पण मशीन बदललं की ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. पुढची तपासणी त्याच मशीनवर, त्याच पायाची करा. आखडलेला गुडघा, मध्येच आलेली स्पॅझम (स्नायूंचा पेटका) किंवा खुब्याभोवती नको तिथे वाढलेलं हाड यांमुळे आकडा चुकतो, हे टेक्निशियनला आधीच सांगा.

मशीन मिळालंच नाही तरी अंदाज बांधता येतो. आधी किरकोळ कारणाने हाड मोडलं असेल, तर तेच सर्वांत मोठं लक्षण. त्याखेरीज दुखापत पूर्ण असणं, तिला दहा वर्षं उलटणं, वयाच्या सोळाच्या आत दुखापत होणं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १९ च्या खाली, मद्यपान, फिटच्या गोळ्या, अफूवर्गीय वेदनाशामकं, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, घरात हाडं मोडण्याचा इतिहास. जितक्या खुणा जास्त, तितका धोका जास्त. भावाला एक खूण, पूर्ण दुखापतीची, तर नक्की लागते, बाकीच्या तुम्ही तपासा.

प्रश्न : वडिलांनाही मज्जारज्जूची दुखापत आहे. त्यांना खुर्चीतून खाटेवर घेताना पाय मुरगळला. त्यांना दुखत नाही, पण गुडघा सुजला आहे. शेकलं तर चालेल का? (नांदेड)

उत्तर : शेकू नका, चोळूही नका. संवेदना नसलेली कातडी भाजते, आणि सूज रक्ताच्या गाठीची असेल तर चोळल्याने गाठ सुटू शकते. न दुखणं हा इथे दिलासा नाही. पाय आहे त्या स्थितीत उशांनी आधारून आजच दोन बाजूंनी एक्स-रे काढा. हाड शाबूत असेल तर डॉपलर (शिरेत रक्ताची गाठ आहे का ते बघणारी सोनोग्राफी). मज्जारज्जूची दुखापत डी-६ किंवा त्याच्या वर असेल आणि डोकं ठणकून घाम फुटला, बीपी चढलं, तर बसतं करून थेट इमर्जन्सीत न्या. प्लास्टर घातलंच तर आतून भरपूर कापूस हवा, आणि टाच व घोटा रोज बघता येईल असं ते असावं. जखम झाली तरी वडिलांना कळणार नाही.