घरच्या खेळात कोणालाही कच्चं लिंबू करू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मांजलपुरात तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, अकरा वर्षांचा मुलगा मोबाइलमधून मान वर काढत नाही, मिस्टरांची शुगर वाढलेली, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि हौसेनं घेतलेल्या ट्रेडमिलवर आता कपडे वाळतात. सगळ्यांनी मिळून घरीच खेळायचं, व्यायाम करायचा असं दोनदा ठरवलंत आणि दोन्ही वेळा आठवड्यात बंद पडलं. मीही बडोद्याचीच. आमच्याकडे हे चौदा वर्षं चाललंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लहानपणी एखादं धाकटं भावंड मागे लागलं की आपण त्याला खेळात घ्यायचो, पण कच्चं लिंबू म्हणून. ते पळायचं, ओरडायचं, पण आऊट झालं तरी आऊट नाही. दोन दिवस त्याला गंमत वाटायची. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात यायचं की आपण असलो काय, नसलो काय, खेळाला काही फरक पडत नाही. मग ते रुसून घरी जायचं. घरचा व्यायाम बंद पडतो तो मला वाटतं ह्याच कारणानं. आजीला खुर्चीत बसवून "तुम्ही अंपायर व्हा" म्हणतात, बाबांना "जमेल तेवढं करा" म्हणतात, आणि एकजण शिट्टी घेऊन मास्तर होतो.

तो मास्तर आमच्या घरात मी होते. माझे वडील जुम्मादादा व्यायाम मंदिरात जाणारे. प्रोफेसर माणिकरावांनी आपल्या गुरूंच्या, जुम्मादादांच्या नावानं चालवलेला तो आखाडा. जोर, बैठका, मल्लखांब, सामुदायिक कवायत हे शब्द आमच्या घरात रोजच्या बोलण्यातले होते. ते सगळं डोक्यात घेऊन मी पहाटे साडेपाचला मुलीला, ह्यांना आणि सासूबाईंना हॉलमध्ये ओळीत उभं केलं आणि बारा-बारा सूर्यनमस्कार सुरू केले. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. अकरा दिवस तिनं केले, बाराव्या दिवसापासून रोज पहाटे पोटात दुखायला लागलं. ह्यांनी मोजे घालून फरशीवर दोरीच्या उड्या मारल्या, पाय घसरला, घोटा मुरगळला आणि दीड महिना घरात बसावं लागलं. आखाड्यातली कवायत जोडीच्या मुलांची असते, एका दमात, एका तालात. माझ्या ओळीत एक नऊ वर्षांची होती आणि एक बहात्तर वर्षांची, आणि दोघींना मी एकच आकडा दिला होता. ही माझी चूक.

ती एका फुग्यानं सुधारली. वाढदिवसाचा उरलेला फुगा मुलीनं उडवला, तो झोपाळ्यावर बसलेल्या सासूबाईंकडे गेला, त्यांनी हातातल्या 'संदेश' पेपरच्या घडीनं परत मारला. परत आला, परत मारला. दुसऱ्या दिवशी मी खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत छातीएवढ्या उंचीवर सुतळी बांधली, झोपाळा अडकवून ठेवला आणि सासूबाईंना हात नसलेली खुर्ची दिली. आमचे नियम सांगते. मुलीनं डाव्या हातानंच मारायचं. ह्यांनी प्रत्येक फटक्यानंतर मागची भिंत शिवून यायचं. सासूबाईंनी बसून खेळायचं, पण त्यांच्या बाजूला फुगा जमिनीला लागला तर गुण जाणार म्हणजे जाणारच, सूट नाही. पंधरा गुणांचा डाव. पहिल्या आठवड्यात त्या दोनदा हरल्या आणि चक्क चिडल्या. "उद्या बघते तुला," असं नातीला म्हणाल्या. त्या दिवसापासून संध्याकाळी सात वाजता त्या स्वतःहून पंखा बंद करून खुर्चीत येऊन बसायला लागल्या. (पंखा बंद हवाच, नाहीतर फुगा भलतीकडे जातो.)

फुगा सावकाश येतो, म्हणून म्हाताऱ्या नजरेला वेळ मिळतो, आणि टीव्हीचंही काही बिघडत नाही. पण खरी गोष्ट सवलतीची आहे. ज्याला जास्त येतं त्याला जड अट घालायची. ज्याला कमी येतं त्याला आऊट न होण्याची सूट द्यायची नाही. तुमच्या मुलाला हे नियम बनवायला द्या. अकरा वर्षांच्या पोराला आजी आणि बाबा एकमेकांच्या बरोबरीला कसे आणायचे हे कोडं खूप आवडतं, आणि नियम त्याचे असले की खेळायला बोलवावं लागत नाही.

पॅसेजमधलं क्रिकेटही असंच. प्लॅस्टिकचा हलका चेंडू, एक टप्पा आऊट, भिंतीला सरळ लागला तर आऊट. सासूबाईंनी खुर्चीतून खालच्या हातानं बोलिंग करायची. अंपायर कोणीच नको. डायनिंग टेबलवर टेबल टेनिसही होतं. जाळीच्या जागी वह्या उभ्या करा. खऱ्या टेबलाची जाळी १५.२५ सेंटीमीटर उंच असते, शाळेची वही आडवी उभी केली की साधारण तेवढी होते.

आता मिस्टरांबद्दल, कारण इथे खेळ पुरेसा नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. मध्यम श्रम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम. भिंत शिवून येण्याची अट आम्ही ह्यांना त्यासाठीच घातली. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालल्यानं शुगरची चढती कमान खाली येते, तेव्हा रात्री जेवून मुलाबरोबर सोसायटीत फेऱ्या होऊ द्या. पण ते इन्सुलिन किंवा शुगर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या घेत असतील तर आधी डॉक्टरांशी बोला आणि खिशात साखर ठेवा. हात थरथरले, घाम फुटला तर खेळ तिथेच थांबवायचा. हे मुलालाही सांगून ठेवा.

सासूबाईंच्या गुडघ्यांना विश्रांतीपेक्षा मांडीच्या ताकदीची गरज असते. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचं, सावकाश बसायचं. सुरुवातीला जमलं नाही तर खुर्चीवर दोन उशा टाका, उंची वाढली की उठणं सोपं होतं. महिन्याभरानं एक उशी काढा. आम्ही प्रत्येक गुणानंतर सगळ्यांनीच एकदा उठायचं-बसायचं असा नियम केला, म्हणून तो व्यायाम वाटेनासा झाला. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीन दिवस तरी हवा. खिडकीचा गज धरून एका पायावर उभं राहायचं, शेजारी नातवानंही एका पायावर.

शिवाय आपल्या बडोद्याचं वर्ष ह्या कामाला फार सोयीचं आहे. श्रावणात मंगळागौरीचा झिम्मा-फुगडी आहे. पाच मिनिटं फुगडी घालून बघा, दम किती लागतो ते कळेल. भाद्रपदात आम्ही हॉलमध्ये 'बे ताळी', 'त्रण ताळी' म्हणजे दोन आणि तीन टाळ्यांच्या गरब्याचा सराव सुरू करतो, म्हणजे नवरात्रात एकदम पोटऱ्या भरून येत नाहीत. सासूबाई मधे बसून टाळी देतात, आणि त्यांची टाळी चुकली की सगळा गोल चुकतो. १४ जानेवारीला अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, पतंग. मे महिन्यात बाहेरच्या उन्हात काहीच होत नाही. तेव्हा रात्री साडेनऊनंतर अगाशीवर लंगडी किंवा लगोरी. थंडीतल्या रविवारी कमाटीबागेत चक्कर. एकच प्रकार वर्षभर करायला गेलात तर मुलगा कंटाळेल, आणि त्यात त्याचा दोष नाही.

खालच्या मजल्यावरच्यांचं तुम्ही विचारलंत. उड्या घरात नकोतच, कडक फरशीवर नडग्याही दुखतात. दोरी अगाशीवर, बूट घालून. घरात मोजे नकोत, अनवाणी पाय किंवा रबरी तळव्याचे बूट, आणि पोछा मारल्यावर फरशी पूर्ण वाळेपर्यंत थांबा. आमच्या खालच्या बेननी एकदा वर येऊन विचारलं, "आ शुं चाले छे?" (हे काय चाललंय?) त्यांना आत बोलावून एक डाव दिला. सात ते साडेसात ही वेळ त्यांनीच ठरवून दिली.

ट्रेडमिल विकून टाका. तिच्यावर एकावेळी एकच माणूस मावतो, आणि ती जागा तुम्हाला सुतळी बांधायला लागेल. आठवड्याला चार दिवस पुरे. एखादा दिवस चुकला तर त्यावर बोलूही नका.

सासूबाईंना पायऱ्या उतरताना जास्त दुखतं का चढताना, आणि गुडघ्याला सूज असते का, हे कळवा. सूज असेल तर उठ-बस सुरू करायच्या आधी दाखवून घ्या. नसेल तर खुर्चीची उंची मोजून सांगा, किती उशा लागतील ते लिहिते.